टोवासाठी कॅम्प बघताना

...आणि वर लोक मलाच म्हणतात, "सँडी, कॅम्प निवडायचा त्यात एवढं काय? उन्हाळा आला, पोरीची बॅग भरली, गाडीत घातली, दिली पाठवून कुठेतरी!" कुठेतरी! अहो, कुठेतरी म्हणजे कुठे? तुम्हाला सांगतो, पोरीला नवरा बघणं सोपं. नवरा तिचा तीच बघते, आपण फक्त तोंड वाकडं करायचं असतं. पण ज्यू कॅम्प? तो आईबापाने बघायचा, आणि तोंड वाकडं करायला अख्खं खानदान रांगेत उभं! तरी मला भीती नव्हती. का असावी? मी सँडी ग्लिकमन, मिलर्स फोर्कच्या ग्लिकमन गादी दुकानाचा मालक. आजोबांनी दुकान काढलं, वडिलांनी वाढवलं, मी... मी टिकवलं म्हणू या. वेस्ट व्हर्जिनियाच्या या डोंगरात कोण कुशीवर झोपतं, कोण पालथं झोपतं, कुणाची पाठ खरोखर दुखते आणि कुणाची फक्त सासू आली की दुखते, सगळं मला ठाऊक. गिऱ्हाईक दारातून आत येतंय तोवर मी सांगतो, हा घेणार, आणि हा नुसता लोळून जाणार. गाद्या विकणारा माणूस मी, मला कोण फसवणार?

आता तुम्ही म्हणाल, कॅम्प हवाच कशाला? डोंगर आहेत, नदी आहे, पोरगी घरीच हुंदडेल की! सांगतो. आमच्या गावात एके काळी ज्यू मायंदाळ. मुख्य रस्त्यावर कापडाचं दुकान आमच्यातल्यांचं, चपलांचं आमच्यातल्यांचं, टोप्यांचं सुद्धा. खाणी बंद पडल्या, पोरं शिकून बाहेर गेली, आणि उरलो कोण? आम्ही, आणि सिनेगॉगमधली म्हातारी मंडळी. प्रार्थनेला दहाजण लागतात हो, त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. आमच्याकडे जमतात नऊ. मग दहाव्याला फोन! आणि तो दहावा कोण? दुसरं कोण असणार? अर्ध्या दाढीला फोन, घास तोंडात असताना फोन, गिऱ्हाईक गादीवर आडवं पडून "घेऊ का नको" करतंय, तेवढ्यात फोन... "सँडी, नऊ झालेत, पळत ये!" आणि अख्ख्या सिनेगॉगला मिळून मूल म्हणाल तर एक. आमची टोवा. म्हाताऱ्या इतक्या आणि गाल दोनच! सणाला गेली की पोरगी टोमॅटो होऊन घरी येते.

टोवा हे माझ्या आजीचं नाव. आम्ही गेलेल्या माणसाचं नाव ठेवतो, म्हणजे माणूस पुरता जात नाही. पण ते नाव आमच्या गावाच्या जिभेवर बसेल तर शपथ! कुणी टोबा म्हणतं, कुणी टोगा, आणि वर्गातल्या एका दिवट्याने केलं टोफू. झालं! टोफू चिकटलं. आणि डिसेंबर आला की तिच्या वर्गाच्या मिसेस डॅरो... बाई सोन्यासारखी, माझ्याकडूनच गादी नेलीय, कमरेसाठी जरा कडक... पहिलीपासून त्याच... तर त्या बाई हात जोडून म्हणणार, "आता आपली टोवा पुढे येऊन आपल्याला तिच्या लोकांच्या सणाबद्दल सांगेल हं!" तिच्या लोकांच्या! पहिलीत सांगितलं, दुसरीत सांगितलं, तिसरीत सांगितलं. तेच दिवे, तोच भोवरा, तीच माझ्या बायकोने, रोशेलने, तळून दिलेली बटाट्याची धिरडी, आणि तेच प्रश्न. "तुमच्याकडे सांता येत नाही? का? तुम्ही वाईट वागता?"

चौथीतल्या डिसेंबरात पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. मी टीव्हीवर सामना बघत होतो. म्हणाली, "बाबा, मी ख्रिश्चन झाले तर चालेल?"

मी रिमोटच्या जागी चष्मा दाबायला लागलो.

"पूर्ण नाही हो," ती म्हणाली, "डिसेंबरपुरती. जानेवारीत परत येईन."

हसू नका! मीही आधी हसलो. मग स्वयंपाकघराच्या दारात रोशेल उभी होती तिच्याकडे बघितलं. आमची ही बोलत फार नाही. कोर्टात दिवसभर लोकांचं बोलणं टिपून घेते, घरी आल्यावर शब्द वाया घालवत नाही. ती नुसती म्हणाली, "सँडी, हिला हिच्यासारखी पोरं दिसली पाहिजेत." बस. ठरलं. कॅम्प! आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "माझ्यावर सोड." गाद्या विकणारा माणूस मी, मला कोण फसवणार?

ही बातमी बाहेर फुटली कशी, देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडाहून आईचा फोन. माझी आई पर्ल फोनवर "हॅलो" म्हणत नाही, एकदम मरणापासून सुरुवात करते.

"सँडी, बाळा, मी मेल्यावर काय करायचं ते कर. पण मी जिवंत आहे तोवर माझी नात कोशर नसलेलं, आपल्या धर्माला न चालणारं, खाणार नाही."

"आई, आपण घरी तरी कुठे..."

"घरचं मला सांगू नकोस! घरी ती तुझ्या हातात आहे, तिथे ती देवाच्या हातात असेल! आणि तिचं लग्न कुणाशी होणार याचा विचार केलायस?"

"आई, ती चौथीत आहे!"

"चौथीतच सुरुवात होते! तुझ्या बापाला मी कॅम्पातच बघितलं. झाडावर अडकला होता!"

फोन ठेवला, वळलो, तर दारात सासरे. हेशी. वय झालंय, पण आवाज असा की दुकानातल्या उशा हलतात. तरुणपणी हे गृहस्थ कामगार चळवळीच्या उन्हाळी कॅम्पातले. तिथे म्हणे सगळे समान, देवाचं नाव शुक्रवारी तेवढं घ्यायचं तेही जेवणाच्या आशेने, आणि बाकी आठवडाभर कष्ट. "जावईबापू," म्हणाले, "पोरीला माझ्या कॅम्पात घाला. माणूस घडतो कशाने? संडास घासून घडतो! मी घासले, रोशेलने घासले!"

मी रोशेलकडे बघितलं. बारा वर्षं संसार केला, हे मला कधी कळलं नव्हतं. ती म्हणाली, "छान दिवस होते." आणि आत गेली. छान दिवस!

मग सिनेगॉगचे राबाय, म्हणजे आमचे धर्मगुरू, बोलले, शेजारच्या काउंटीतला एकुलता एक ज्यू दंतवैद्य बोलला, आणि नऊ म्हातारे तर एकदम बोलले. प्रत्येकाचा कॅम्प वेगळा, आणि प्रत्येकाचा कॅम्प सोडून बाकीचे म्हणजे सत्यानाश. मी सगळ्यांना शांतपणे म्हणालो, "मंडळी, मी स्वतः जाऊन बघणार. गादी कधी चित्रात बघून घेतात का? आडवं पडून बघावं लागतं!" जुलै उजाडला, शाळा संपलेली, कॅम्प भरात आलेले. दुकान भाच्याच्या हवाली केलं, गाडीत मागे टोवा, बाजूला रोशेल, आणि निघालो पेनसिल्व्हेनियाच्या दिशेने तीन कॅम्प बघायला. आईने सांगितलेला, हेशींचा आणि एक मी स्वतः शोधून काढलेला.

पहिला आईचा. तुम्हाला सांगतो, स्वच्छ! शिस्त! पोरं सकाळी उठून प्रार्थनेला, मुली एका तळ्यात, मुलगे दुसऱ्या तळ्यात, मधे एवढं जंगल की कुणी झाडावर चढून अडकला तरी त्याला काही दिसायचं नाही. जेवण कोशर, आणि कोशर म्हणजे आईसुद्धा खाली बसून जेवली असती असं. तिथले मुख्य राबाय मेंडल, पांढरी दाढी, डोळे असे प्रेमळ की मला वाटलं आत्ता हा मला गोळी देणार चघळायला. मी सुरू झालो. मी बोलायला लागलो की थांबत नाही, धंदाच तसा! आमचं घराणं, आजोबांनी सिनेगॉगला दिलेली बाकं, मी दहावा माणूस कसा... म्हातारा ऐकतोय, मान डोलावतोय. मग हळूच विचारतो, "आणि शब्बाथ पाळता ना घरी?"

"अर्थात!" मी म्हणालो.

शेजारी रोशेलला खोकला आला.

"म्हणजे... मनातून पाळतो," मी म्हणालो.

"आणि दुकान?"

अहो, शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारभर कामधंदा बंद, पण गादीचं दुकान शनिवारी बंद ठेवून चालतं का कधी? माणसं गाद्या बघायला शनिवारीच येतात! सोमवारी कुणाची पाठ दुखते? पण हे तोंडातून निघेना. म्हातारा रागावला नाही हो. रागावला असता तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. तो म्हणाला, "मिस्टर ग्लिकमन, मुलगी आम्ही आनंदाने ठेवून घेऊ. पण ती घरी येईल आणि विचारेल, बाबा, शनिवारी दुकान उघडं का? तिला द्यायला उत्तर आहे तुमच्याकडे? ते आधी शोधा, मग या. दार उघडंच आहे."

मी... मी! ज्याने एका माणसाला एकाच दिवशी त्याच्या दोन्ही घरांसाठी गाद्या विकल्या, तो मी! मुकाट गाडीत येऊन बसलो. टोवा मागून म्हणाली, "बाबा, ते आजोबा चांगले होते." "होते," मी म्हणालो, "म्हणूनच निघालो."

दुसरा मात्र माझा. मी शोधलेला! आणि काय सांगू तुम्हाला... तळं असं की आरशाने लाजावं, पाण्यावरून घसरायच्या फळ्या, चढायला भिंत, घोडे, नाटकाला थेटर, जेवायला पास्ता करून देणारा माणूस उंच टोपी घालून उभा! आणि संचालक म्हणजे दातच दात. ब्रॅड नाव त्याचं. ब्रॅडने मला खांद्याला धरलं आणि आधी नेलं ते सगळ्यात झकास कॉटेजमध्ये, मग साध्यात, मग परत झकासमध्ये. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! आधी वरची गादी दाखवायची, मग खालची, म्हणजे गिऱ्हाईक आपणहून वर चढतं. हे तर माझंच शस्त्र! आणि तुम्हाला खोटं वाटेल, माझंच शस्त्र माझ्याच पोटात शिरत होतं आणि मला मजा वाटत होती. गाद्याही बघितल्या, दाबून बघितल्या, उत्तम! माझ्या दुकानातल्या असाव्यात अशा! मी पेन काढलं.

रोशेल म्हणाली, "इथे ज्यू काय आहे?"

ब्रॅडचे दात क्षणभर मिटले. "अहो, सगळेच!" म्हणाला. "शुक्रवारी आम्ही सगळे पांढरे कपडे घालतो. आणि बेगल, आपला भोकाचा पाव. रोज सकाळी बेगल!"

मी टोवाकडे वळलो. ती मुलींच्या एका घोळक्याजवळ उभी होती. एकीने हिच्या पायातल्या साध्या बुटांकडे बघितलं, दुसरीने बघितलं, मग त्यांनी एकमेकींकडे बघितलं. "कसं वाटलं, राणी?" मी विचारलं.

"छान आहे," टोवा म्हणाली.

छान आहे! ऐकलंत? पोरगी म्हणाली छान आहे! मी पेनाचं टोपण काढतोय, आणि रोशेल माझा हात धरून म्हणते, "सँडी. दुकानात गिऱ्हाईक उठून बसतं, पॅन्ट झटकतं आणि 'छान आहे' म्हणतं, त्याचं पुढे काय होतं?"

काय होणार? ते "बायकोला विचारून येतो" म्हणून जातं आणि पुन्हा कधी दिसत नाही. हे मला ठाऊक नव्हतं? अहो, जन्म गेला माझा! पण स्वतःची पोरगी समोर असली की माणूस आंधळा होतो. टोपण परत लावलं. ब्रॅडने हात हलवला, लांबपर्यंत त्याचे दात दिसत होते. आणि तरीही... गाद्या विकणारा माणूस मी, मला कोण फसवणार? बघा, नाहीच फसलो! बायकोने वाचवलं ही गोष्ट वेगळी.

आता उरला हेशींचा. मी म्हणालो सोडून देऊ, सरळ घरी जाऊ. रोशेल म्हणाली, "वाटेवरच आहे." वाटेवर! मुख्य रस्ता सोडला, मग डांबर सोडलं, मग खडीही सुटली, आणि गाडी चिखलात अशी रुतली की उतरून शेवटचा तुकडा चालत जावं लागलं. माझे बूट! कॅम्पाची पाटी अर्धी तुटलेली, अर्धी शेवाळलेली. समोरून एक पोरगी आली अनवाणी, केस ओले, हातात हातोडा. मी म्हटलं, "बाळ, तुमचे संचालक कुठे आहेत?" म्हणते, "मीच. यार्देना. जरा धरता का?" आणि हातोडा माझ्या हातात देऊन बुटात... नाही, बूट नव्हतेच, पायात शिरलेला काटा काढायला लागली.

मी मनात म्हटलं, सँडी, इथून पळ. पण आलो आहोत तर बघून घेऊ. खोलीत गेलो. लाकडी फळ्या, फटीतून आभाळ, आणि गाद्या... अरे देवा, त्या गाद्या! तुम्हाला सांगतो, मी तुरुंगाला गाद्या पुरवल्यात, तिथेही अशा नव्हत्या. मी एकीवर बसलो तर सरळ जमिनीला टेकलो. दुसरीवर आडवा पडलो, तर माझं डोकं आणि पाय वर, मधला मी खाली. आणि मग माझा ताबा सुटला. "ही गादी आहे? ही शिक्षा आहे! मुलांचे मणके वाढतात या वयात! तुम्हाला ठाऊक आहे का, मधला भाग दबला की..." यार्देना ऐकतेय, हो हो करतेय, हळूहळू आजूबाजूची पोरंही जमली, एक पोरगा तर वाकून गादीच्या पोटात बघायला लागला. माझं व्याख्यान ऐन रंगात आलं... आणि रोशेल म्हणाली, "टोवा कुठे आहे?"

टोवा नव्हती.

मागे जंगल, पुढे तळं, आणि पोरगी शहाणी पण भित्री, कुणाशी आपणहून बोलत नाही. मी तळ्याकडे धावलो, रोशेल उलट्या बाजूला. बूट चिखलात एक इकडे एक तिकडे. "टोवा! टोवा!" करत मी स्वयंपाकघराच्या पडवीशी आलो. शुक्रवारची दुपार होती. लांबच लांब टेबलं मांडलेली, त्यावर पिठाचे डोंगर, आणि पोरापोरींची ही गर्दी शब्बाथच्या पावाला वेण्या घालतेय. पीठ केसात, पीठ नाकाला, कुणी कुणाच्या पाठीवर पंजे उठवलेत. मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "टोवा!"

तीन माना वळल्या.

तीन! एक उंच, दातांना तार बांधलेली. एक इवलीशी, चष्म्यातली. आणि मधे, कोपरापर्यंत पिठात, माझी. तिघी एकदम म्हणाल्या, "काय?" आणि मग एकमेकींकडे बघून अशा हसल्या, अशा हसल्या की उंच टोवा टेबलाखालीच बसली.

माझी धावत आली. इतकी लाल तर म्हाताऱ्यांनी गाल ओढूनही कधी झाली नव्हती. "बाबा! बाबा, इथे आणखी दोन टोवा आहेत! ती मोठी टोवा, ती बारकी टोवा, आणि मला म्हणतात डोंगरातली टोवा! मी नाव सांगितलं तर कुणी 'काय?' म्हणालंच नाही! नुसतं म्हणाले, अरे देवा, आणखी एक!"

मी चिखलात उभा, एका पायात बूट. म्हणालो, "राणी, पण त्या गाद्या..."

"बाबा," पोरगी म्हणाली, "इथे झोपायला कोण येतंय!"

आयुष्यात मला गाद्यांच्या बाबतीत असं कुणी बोललं नव्हतं. तरी मी हटलो नसतो हं, माझ्याकडे मुद्दे होते! पण यार्देनाने गाडी काढायला पोरं गोळा केली, आणि गाडी निघेपर्यंत संध्याकाळ झाली, मग म्हणाली जेवूनच जा. चिखलातलीच पोरं, ती अंघोळ करून, पांढरे सदरे घालून तळ्याकाठी आली. मेणबत्त्या लावल्या. आणि गायला लागली. आता सूर म्हणाल तर बेसूर. पण शेकडो गळे हो! टेबलं बडवतायत, बाकं बडवतायत, जमीन हादरतेय. आणि मला सवय अशी की प्रार्थना सुरू झाली की माझे डोळे आपोआप माणसं मोजतात. आपण दहा आहोत ना? कुणी मधेच उठून गेलं तर? मी मोजायला लागलो... आणि थांबलो. अहो, मोजायचं कारणच नव्हतं! मी नसतो तरी चाललं असतं. पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा मी प्रार्थनेला होतो कारण मला व्हायचं होतं, नऊजण खोळंबले होते म्हणून नाही. माझ्या बाजूला डोंगरातली टोवा, दोन टोवांच्या मधे, एक शब्द येत नसलेलं गाणं सगळ्यात मोठ्याने गात होती.

डोळ्यात काहीतरी गेलं माझ्या. डास असेल. तळ्याकाठी डास फार.

रोशेलने हातरुमाल दिला. म्हणाली, "दुसऱ्या सत्राला एक जागा आहे. मी मघाशीच सांगून ठेवलंय." मघाशी म्हणजे कधी? म्हणे मी गादीवर आडवा पडून ओरडत होतो तेव्हा!

पुढच्याच आठवड्यात पोहोचवून आलो. निरोपाचे हात हलवायला मी उभा, आणि पोरगी? मागे वळली तर ना! दोन टोवा तिला दोन्ही हातांना धरून ओढत घेऊन गेल्या. घरी येताना गाडीत मागे कुणी "आलं का?" विचारत नव्हतं, त्यामुळे रस्ता संपेना. हेशी सासरे दारातच वाट बघत उभे. "घासतेय का?" "घासतेय," मी म्हणालो. म्हाताऱ्याचे डोळे भरले. आईला मी सांगितलं, कोशर आहे. होतंच. आईने विचारलं, "झाडं आहेत का?" म्हटलं, "आहेत." ती हळूच म्हणाली, "तुझे बाबा असते तर त्यांना आवडलं असतं." सबंध वर्षात आईने मरणाशिवाय ठेवलेला तो एकमेव फोन!

पण गाद्यांचं काही मनातून जाईना. गाद्या विकणारा माणूस मी, पोरगी माझी, आणि झोपते कशावर? एक ट्रक भरून नव्या गाद्या पाठवल्या. फुकट! उत्तम, मध्यम कडक, धुता येणाऱ्या कापडाच्या. चार दिवसांनी यार्देनाचा फोन. "मिस्टर ग्लिकमन, सगळा कॅम्प तुमचे आभार मानतोय!" मी म्हटलं, "झोप लागते ना मुलांना?" तिकडे ती हसायला लागली. मग म्हणते, "काल पाऊस पडला. टेकडीवरून तळ्यापर्यंत काय घसरतात हो तुमच्या गाद्या! कल्पना तुमच्या टोवाची!"

कापड धुता येण्यासारखं होतं, हे मीच सांगितलं होतं.

सत्र संपलं, पोरगी घरी आली. आवाज बसलेला, गुडघे फुटलेले, केसात अजून पीठ असावं असा मला संशय. पहिल्याच जेवणाला ताट संपवलं आणि टेबल असं बडवलं की मीठ जमिनीवर. मग उपकाराची प्रार्थना, सबंध, सगळे सूर चुकीचे पण एक शब्द चुकीचा नाही. शुक्रवारी सिनेगॉगमध्ये तिने बाकं बडवली. आजोबांनी दिलेली बाकं! मला वाटलं, आता म्हातारे काठ्या उगारणार. उगारल्या, आणि त्या काठ्यांनी जमीन बडवायला लागले! राबायांचा चष्मा खाली आला. शनिवारी सकाळी दुकान उघडताना मात्र मी मागच्या दाराने जातो. अजून विचारलं नाही तिने. विचारेल. उत्तर शोधतोय.

आणि डिसेंबर! मिसेस डॅरोंचा फोन, दम लागलेला. "मिस्टर ग्लिकमन, मी नेहमीसारखं टोवाला पुढे बोलावलं..." मी गाडीच्या किल्ल्या शोधायला लागलो. "तर ती म्हणाली, मी सांगत नाही, मी शिकवते. आणि आता सगळा वर्ग डेस्कवर चढून हिब्रूत गातोय आणि खाली उतरायला कुणी तयार नाही. तुम्ही येता का?" मी गेलो. ज्या दिवट्याने टोफू नाव ठेवलं होतं तो सगळ्यात पुढे, घामाघूम, टेबल बडवतोय, आणि ओरडून विचारतोय, "टोवा, पुढचं कडवं काय?" नीट टोवा म्हणाला हो! मी दारातच थांबलो. वर्गात गेलोच नाही.

आता गावात सगळे मला विचारतात. तो दंतवैद्य तर परवा दुकानात येऊन म्हणाला, "सँडी, तू बरोबर निवडलास. कसं ओळखलंस रे?" मी गादीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "अनुभव." खोटं काय त्यात? रोशेल गल्ल्याशी बसून खोकली, पण तिला हल्ली तो खोकला कायमचाच झालाय.

फक्त एक आहे. पोरीच्या खोलीत भिंतीवर दोन टोवांचे फोटो, दाराशी भरलेली बॅग... सप्टेंबरपासून भरलेली हो, तिला हात लावायची कुणाची हिंमत नाही. परवा जेवताना सहज म्हणाली, "बाबा, माझ्या घरी ना, पाऊस पडला की..." मी म्हटलं, "राणी, आपल्या घरी पाऊस पडला की काय?" ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "अहो, हे घर नाही. घर घर!"

तर असं आहे. पोरीला उन्हाळ्यापुरती जागा बघायला निघालो होतो. बघितली, चांगली बघितली. आता ती आमच्याकडे फक्त हिवाळा काढायला येते.